दोन पाण्यांच्या मधली ट्रिप

सोलापुरात ट्रिप ठरवायची म्हणजे कॅलेंडर नंतर, आधी पाणी बघायचं. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे एक पाणी भरून निघायचं आणि पुढचं पाणी सुटायच्या आत घरात यायचं, एवढीच आमची सुट्टी. यावेळी गुरुवारी पाणी आलं, पुढचं मंगळवारी पहाटे, म्हणजे मधले शुक्रवार ते सोमवार चार दिवस मोकळे. डिसेंबरचा पहिला आठवडा होता. माझं युनिफॉर्म शिवायचं काम या दिवसांत कमी असतं, ह्यांच्या टॉवेलच्या कारखान्यातपण दोन माग दुरुस्तीला काढलेले, लेकीची अकरावीची चाचणी नुकतीच संपलेली. असं सगळं जुळून यायला आम्हाला अडीच वर्षं लागली.

जायचं कुठं यावर घरात फार चर्चा झाली नाही. लेक गोवा म्हणत होती, हे म्हणाले चार दिवसांत गोवा म्हणजे दोन दिवस गाडीतच जातात. मग अव्वा (माझ्या सासूबाई, घरात सगळेच त्यांना अव्वा म्हणतो) भाजी निवडता निवडता म्हणाल्या, मला एकदा बनशंकरीला न्या, जमलं तर गुळेदगुड्डपण. गुळेदगुड्ड त्यांचं माहेर. भाऊ गेल्यापासून तिकडं जाणंच नाही, वीस-बावीस वर्षं झाली असतील. त्या कधी काही मागत नाहीत हो. म्हणून मग ठरलं, विजापूर, बदामी, बनशंकरी, गुळेदगुड्ड आणि परत.

शुक्रवार

सकाळी सहाला घर सोडलं. गुरुवारी रात्रीच सगळे ड्रम, टाकी, हंडे भरून ठेवलेले, तुळशीला पाणी घालायला शेजारच्या काकूंकडे किल्ली दिलेली, गॅसचं बटन दोनदा बघितलं, तरी एसटी विजापूर रोडला लागेपर्यंत माझ्या डोक्यात घरच होतं. दूधवाल्याला नको म्हणून सांगितलं का, मागचं दार लावलं का, हेच. मला दरवेळी असं होतं, पहिला दिवस मी निम्मी घरीच असते.

तेरामैल गेलं, नांदणी गेली, आणि टाकळीचा भीमेचा पूल आला की पलीकडं कर्नाटक. पाट्या बदलतात, बाकी काही बदलत नाही, तीच काळी माती, तीच गुडघ्याएवढी ज्वारी, बांधावर तूर, मधेच द्राक्षाच्या बागा. उजनीचं पाणी शंभरावर किलोमीटर पाइपातून आमच्या नळाला येतं ते याच भीमेचं, आणि पुलावरून खाली बघितलं तर नदी आपली शांत पसरलेली. अव्वांनी खिडकीतून हात जोडले. त्या कुठलीही नदी ओलांडताना हात जोडतात.

विजापूर आपल्यापासून जेमतेम शंभर किलोमीटर. इतकं जवळ असून मी लग्नानंतर एकदाच गेलेले, तेपण एका लग्नाला, आणि मंगल कार्यालय सोडून काही बघितलं नव्हतं. लॉजवर सामान टाकलं, भाकरी-झुणका खाल्ला आणि रिक्षा केली.

पहिल्यांदा मुलुख-ए-मैदान तोफ. माझी अपेक्षा फार नव्हती, तोफ ती तोफ. पण समोर गेल्यावर गप्पच झालो सगळे. ५५ टन वजन. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, मग बरीच वर्षं आपल्या परंड्याच्या किल्ल्यात होती, तिथून १६३२ मध्ये विजापूरला आणली. परंडा म्हणजे बार्शीच्या पलीकडं, आमच्या बार्शीच्या नणंदेच्या घरापासून तासाभरावर! तिथून हे एवढं धूड त्या काळी बैलांनी, हत्तींनी ओढत ओढत इथवर कसं आणलं असेल, याचाच विचार हे करत उभे राहिले. तोंडाशी सिंहासारखा जबडा आहे आणि त्या जबड्यात हत्ती चिरडलेला दाखवलाय. मी हात लावला तर ऊन असूनही धातू गार लागला. लेकीला म्हटलं, बघ, आपला सोलापूरचा भुईकोट किल्लापण चांदबीबीच्या लग्नात आंदण म्हणून निजामशाहीकडून आदिलशाहीत गेलेला, म्हणजे एके काळी आपण या शहराचेच होतो. तिला ते शाळेत कुणी सांगितलेलं नव्हतं. भुईकोटासमोरून ती रोज क्लासला जाते.

मग इब्राहिम रोजा. हे मला सगळ्यात आवडलं, सरळ सांगते, गोलघुमटापेक्षापण. एका मोठ्या ओट्यावर समोरासमोर दोन इमारती, एकीत कबरी, दुसरी मशीद, मधे हौद. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने राणी ताज सुलतानासाठी बांधायला घेतलं आणि आधी स्वतःच गेला, १६२७ मध्ये. तिथल्या खिडक्यांच्या जाळ्या म्हणजे दगडात कोरलेली अक्षरं आहेत, अक्षरांच्या मधल्या फटींतून उजेड आत येतो. मी रोज कापडावर काम करणारी बाई, मला ते जॅकार्डसारखं दिसलं, म्हणजे डिझाइन वरून छापलेलं नाही, विणीतूनच निघालेलं. ह्यांनापण तेच वाटलं, कारण ते बराच वेळ एकाच खिडकीपाशी होते, आणि बाहेर आल्यावर म्हणाले, याचा पंच (जॅकार्डच्या डिझाइनचं भोकांचं कार्ड) कुणी पाडला असेल गं.

अव्वा हौदाच्या काठावर बसून राहिल्या. पाय दुखत होते त्यांचे.

बारा कमान येता येता बघितली. दुसऱ्या अली आदिलशहाची अर्धवट राहिलेली कबर, नुसत्या काळ्या कमानी आणि वर आभाळ. तिथं पोरं कट्ट्यावर अभ्यास करत बसलेली, छान वाटलं.

शनिवार

गोलघुमटाला सकाळी लवकर जा. हे मी मनापासून सांगते, कारण नऊनंतर शाळांच्या सहली येतात आणि मग वर नुसता आरडाओरडा. आम्ही उघडल्या उघडल्या आत होतो.

चार कोपऱ्यांना चार मनोरे, सात सात मजली, त्यातल्या एकातून वर चढायचं. पायऱ्या अरुंद आणि उंच. अव्वा खालीच थांबल्या, हे त्यांच्याजवळ थांबले, मी आणि लेक वर. वर गेल्यावर घुमटाच्या आतून गोल फिरणारी गॅलरी लागते. घुमटाचा बाहेरचा व्यास ४४ मीटर, आणि मधे एकही खांब नाही. एकमेकींत गुंतलेल्या आठ कमानी खाली चौकोनाचा गोल करतात आणि त्यावर घुमट बसतो. महंमद आदिलशहाची ही कबर, १६५६ साली तो गेला तेव्हा काम थांबलं.

लेक पलीकडच्या बाजूला गेली. इतकी लांब की चेहरा ओळखू येईना. मी इकडं भिंतीला कान लावून बसले. आणि तिचा आवाज आला, अगदी कानाशी, जशी ती लहानपणी रात्री पांघरुणात यायची आणि कुजबुजायची तसा. म्हणाली, "आई, मला बारावीनंतर पुण्याला जायचंय."

घरी ती हे बोललीच नव्हती. मला वाटतं तोंडासमोर बोलायला जमत नव्हतं म्हणून तिनं ती जागा निवडली. मी लगेच काही बोलले नाही. मग भिंतीशी तोंड नेऊन म्हटलं, "बघू. आधी खाली चल, आज्जी वाट बघलालीय." तेपण तिला स्पष्ट ऐकू गेलं, कारण ती लांबून हसलेली दिसली.

खाली आलो तर अव्वा सावलीत एका बाईशी कन्नडमध्ये गप्पा मारत बसलेल्या, पंधरा मिनिटांत तिच्या तिन्ही सुनांची माहिती काढून झालेली. सोलापुरात त्या घरात कन्नड, गल्लीत मराठी आणि बाजारात तेलुगू बोलतात, आमच्या पूर्व भागात हे सगळ्यांचंच असं आहे. पण इथं त्यांचा आवाज वेगळा होता, मोठा आणि मोकळा.

दुपारी बदामीची रेल्वे. ही आपली सोलापूर-गदग लाइन, होटगीवरून फुटते ती. अव्वा लग्न होऊन आल्या तेव्हा मीटरगेज होती, कोळशाचं इंजिन, खिडकीत बसलं की डोळ्यात कण जायचा म्हणे. सोळाव्या वर्षी त्या याच लाइनीने सोलापूरला आल्या, हिरव्या खणाची चोळी, एक ट्रंक आणि बरोबर एक करवली. सोलापुरात गिरण्या होत्या, गिरणीत कामाला असलेला नवरा म्हणजे पगारदार जावई, म्हणून वडिलांनी एवढ्या लांब दिली.

आलमट्टीला गाडी कृष्णेच्या पुलावर आली तेव्हा ऊन कलतं होतं. पाणी म्हणजे नजर पोचेल तिथवर. मी इतकं पाणी एका जागी फार कमी वेळा बघितलंय, आणि आमच्या मनात पाणी बघितलं की पहिला विचार घरच्या ड्रमचा येतो. अव्वांनी बटव्यातून दोन रुपयांचं नाणं काढून खाली टाकलं, आणि म्हणाल्या, "मंगळवारी पाणी हाय ना आपलं?" धरणात जुनं बागलकोट बरंचसं गेलं, मग नवनगर वसवलं, हे त्या बागलकोट स्टेशन आल्यावर सांगत होत्या. त्यांच्या मावशीचं घर त्या पाण्याखाली आहे.

रात्री बदामी. जेवलो आणि झोपलो. त्या रात्री पहिल्यांदाच मला घराची आठवण आली नाही.

रविवार

हा दिवस पूर्ण सुट्टीचा. छोट्या ट्रिपमध्ये असा एकच दिवस मिळतो, असं माझं मत झालंय. पहिल्या दिवशी घर सुटत नाही, शेवटच्या दिवशी मन आधीच घरी पोचलेलं असतं, मधला एक दिवस काय तो आपला. त्यामुळे त्या दिवशी घाई करायची नाही, यादी करायची नाही, हे मी यावेळी आधीच ठरवून टाकलेलं. ऐहोळे, जवळचंच जुन्या देवळांचं गाव, सोडून दिलं त्यासाठी. लेक थोडी नाराज झाली कारण रविकीर्तीचा ६३४ सालचा शिलालेख तिला बघायचा होता, पुलकेशीचा हर्षावरचा विजय त्यात आहे आणि तो तिच्या अभ्यासात होता. पुढच्या वेळी, म्हटलं.

बदामीचे डोंगर लाल. म्हणजे विटकरी नाही, शेंगाची चटणी तव्यावर जरा जास्त भाजली की येतो तसा लाल. त्या दगडात चार गुंफा. पहिलीत अठरा हातांचा नटराज, कुठलाही उजवा हात कुठल्याही डाव्या हाताबरोबर धरला तरी एक मुद्रा होते असं तिथला माणूस समजावून सांगत होता आणि लेक एकेक जोडी करून बघत होती. तिसरी गुंफा सगळ्यात मोठी, तिथं शके ५०० म्हणजे इसवी सन ५७८ चा लेख आहे, चालुक्य राजा कीर्तिवर्म्याच्या वेळचा, त्याचा भाऊ मंगलेश याने कोरवलेला. शेषावर बसलेला विष्णू आहे तिथं. झोपलेला नाही, बसलेला, मांडी घालून, निवांत. मी त्याच्यासमोर खालीच बसले. माकडं होती पण कुणाला काही केलं नाही, पिशवी मात्र हातात घट्ट धरा.

खाली अगस्त्य तीर्थ. बदामी म्हणजेच वातापी, तो राक्षस ज्याला अगस्त्यांनी पोटावर हात फिरवून 'वातापि जीर्णो भव' म्हणत पचवला, ती गोष्ट अव्वांनी लेकीला सांगितली. तळ्याच्या पायऱ्यांवर बायका धुणं धूत होत्या. आपटायचा आवाज कड्यावर आपटून परत यायचा, त्यामुळे एका बाईचं धुणं दोन बायकांसारखं ऐकू येत होतं. मी बराच वेळ ते ऐकलं. मागाच्या आवाजात वाढलेल्या माणसाला असा ठेक्यातला आवाज बरा वाटतो.

दुपारी जीप करून पट्टदकलला गेलो, मलप्रभेच्या काठी. १९८७ पासून जागतिक वारशात आहे. एकाच आवारात उत्तरेकडच्या धाटणीची शिखरं आणि दक्षिणेकडची, शेजारी शेजारी, जशी आमच्या गल्लीत तीन भाषांची घरं. विरूपाक्षाचं मोठं देऊळ लोकमहादेवी राणीनं बांधवून घेतलंय, साधारण ७४० च्या सुमारास, नवरा दुसरा विक्रमादित्य कांचीच्या पल्लवांना जिंकून आला म्हणून. शेजारचं मल्लिकार्जुनाचं दुसऱ्या राणीचं, आणि त्या दोघी सख्ख्या बहिणी. दोन बहिणींनी शेजारी शेजारी देवळं बांधली, अव्वांना हे इतकं आवडलं की त्यांनी ते मला तीनदा विचारलं.

आणि ह्यांना आवडलं ते वेगळंच. तिथल्या लेखांत देऊळ बांधणाऱ्या सूत्रधाराचं नाव आहे, कारागिराचं नाव दगडात कोरलेलं. हे जॅकार्डच्या मागावर तीस वर्षं आहेत. सोलापुरी चादर आणि टॉवेल दोन्हीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, नाव जगभर आहे, पण कुठल्या टॉवेलवर विणणाऱ्याचं नाव असतं का. ते त्या भिंतीपाशी उभे राहून म्हणाले, "तेराशे वर्षं झाली बघ, नाव हाय अजून." एवढंच. संध्याकाळभर मग गप्प होते, पण चिडून नव्हे, बरं वाटलेला माणूस गप्प असतो तसे.

सोमवार

बनशंकरी बदामीपासून पाच किलोमीटर. देवळासमोर मोठं चौकोनी तळं आहे, तीन बाजूंनी दगडी ओवऱ्या, पौषात जत्रेला इथं पाय ठेवायला जागा नसते. आम्ही गेलो तेव्हा गर्दी नव्हती. अव्वांनी ओटी भरली, खण-नारळ, तांदूळ, आणि बराच वेळ डोळे मिटून उभ्या होत्या. काय मागितलं विचारलं नाही.

बाहेर झाडाखाली बायका बुट्टीतून जेवण विकायला बसतात. ज्वारीची पापडासारखी कडक भाकरी, वांग्याची भाजी, लाल चटणी, शेंगाची हिंडी (कोरडी चटणी), मडक्यातलं दही. अगदी आमच्या घरचं जेवण, फक्त चटणी जास्त जहाल. लेक म्हणाली एवढ्या लांब येऊन आपण आपलीच भाकरी खाल्ली. पण मला त्या जेवणाचं इतकं समाधान झालं की अजून ती चव आठवते, दही गार होतं आणि त्याला मडक्याचा वास होता.

मग गुळेदगुड्ड.

अव्वा जीपमध्ये पुढं बसलेल्या, रस्ता सांगत होत्या, आणि सगळा चुकत होता. इथं आंब्याचं झाड होतं म्हणायच्या तिथं मोबाइलचं दुकान. शेवटी एका देवळाशी उतरलो आणि तिथून त्या चालत निघाल्या, काठी न टेकता, आणि एका बोळात शिरल्या. मागाचा आवाज येत होता, आमच्या पॉवरलूमसारखा धडधड नव्हे, एकेकटा खट... खट, हातमागाचा. गुळेदगुड्डचा खण म्हणजे कोपरभर रुंदीचं कापड, बारीक बारीक बुट्टे, काठाला वेगळा रंग. आता हातमाग फार कमी राहिलेत तिथं. खणाच्या साड्या, ब्लाऊज, कंदील, सगळ्याची फॅशन आलीय, पण त्यातला बराचसा माल पॉवरलूमचा, हे कापड हातात घेतलं की कळतं.

घर सापडलं. विकलेलं होतं, हे माहीत होतंच. दार उघडं, आत खड्ड्याचा माग, खड्ड्यात पाय सोडून एक म्हातारा बसलेला, आणि दारात पन्नाशीची बाई शेंगा फोडत होती. तिनं वर बघितलं, चांगल्या हसतमुखानं म्हणाली, "बर्री, कुंडर्री." या, बसा. आणि मग, "याव ऊर्री?" कुठलं गाव तुमचं?

अव्वा ज्या उंबऱ्यात उभ्या होत्या त्या घरात जन्मल्या. मी त्यांच्याकडं बघितलं. मला वाटलं त्या आता सांगतील, हे माझंच घर, हा माग माझ्या वडिलांचा. त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "सोल्लापूर."

बस. नंतर सांगितलं त्यांनी सगळं, त्या बाईनं आत बोलावलं, पाणी दिलं, चहा केला, म्हाताऱ्यानं माग थांबवला आणि अव्वांच्या वडिलांचं नाव काढलं, त्यानं त्यांना बघितलेलं होतं. अव्वांनी मागाच्या लाकडावर हात फिरवला, जिथं वर्षानुवर्षं हात लागून लाकूड खोलगट आणि गुळगुळीत झालेलं तिथं. रडल्या नाहीत. मी रडले. त्या बाईनं एक हिरवा खण त्यांच्या ओटीत घातला, पैसे घेतले नाहीत, माहेरवाशीण म्हणाली. राहा आजचा दिवस, असंही म्हणाली, आणि ते तोंडदेखलं नव्हतं.

अव्वा म्हणाल्या, "नाही गं, उद्या पाणी हाय आमचं."

वाटेत अमीनगडचा करदंट (डिंक-सुक्यामेव्याची मिठाई) घेतला, एक किलो घरात, अर्धा किलो शेजारच्या काकूंना. रात्री गाडीत अव्वा खिडकीशी बसल्या होत्या आणि तो खण मांडीवर होता. मी विचारलं, "राहायचं होतं का अव्वा एक दिवस?" त्या म्हणाल्या, "कुणाकडं राहू? घर हाय, पण माझं म्हणून वळखणारं कोण हाय हितं. तिकडं गल्लीत पाय ठेवला की कुत्रंसुद्धा वळखतंय." मग म्हणाल्या झोप, आणि स्वतः जाग्याच राहिल्या.

मला परतीचा प्रवास आवडत नाही, कधीच आवडला नाही. लहानपणी मामाकडून परत येताना मी एसटीत रडायचे. पोटात काहीतरी खाली खाली जातं. त्या रात्रीपण गेलं. विजापूर गेलं, लच्याण गेलं, आणि अंधारात होटगीच्या सिमेंट कारखान्याचे दिवे दिसायला लागले तसं लेक जागी झाली आणि म्हणाली, "आलं की सोलापूर." तिच्या आवाजात आनंद होता. पुण्याला जायचं म्हणणारी पोर. त्याने मला कसंतरी झालं, चांगलं की वाईट ते सांगता येत नाही.

स्टेशनवर उतरलो तेव्हा बारा वाजून गेलेले. रिक्षा, गल्ली, कुलूप. बंद घराचा एक वास असतो, चार दिवसांचा, थोडा धुळीचा, थोडा देवघरातल्या जुन्या फुलांचा. अव्वांनी दिवा लावला आणि मगच चप्पल काढली.

मंगळवार

ट्रिपचं सांगताना लोक घरी पोचलो म्हणून थांबतात. मी हा दिवस धरते, कारण माझी ट्रिप दरवेळी या दिवशी पूर्ण होते.

पहाटे साडेचारला शेजारच्या काकूंनी खिडकीवर थाप मारली, "उठा, पाणी सुटलंय!" तीन तासांची झोप. मोटार, पाइप, आधी पिण्याचं, मग टाकी, मग ड्रम. गल्लीत सगळ्या दारांत दिवे. काकू त्यांचा पाइप धरून तिथूनच विचारायला लागल्या, "काय काय बघितलंव गं? थंडी होती का तिकडं?" आणि मी इकडं पाइप धरून विजापूरपासून सुरू केलं, मधे मधे मोटारीच्या आवाजानं थांबायचं, ओरडून पुन्हा सांगायचं. गोलघुमटातली लेकीची कुजबुज मी त्यांना सांगितली नाही. ती ह्यांनापण अजून सांगितलेली नाही. देवळं बांधणाऱ्या दोन बहिणींचं मात्र अव्वांनी पायरीवर बसून सांगितलं, चौथ्यांदा, आणि त्यात त्यांनी स्वतःचं थोडं घातलं, की थोरलीनं धाकटीला दगड उसने दिले. मी दुरुस्त केलं नाही.

मग धुणं. चार दिवसांचे कपडे मोरीत टाकले, पाणी ओतलं आणि लेकीच्या पांढऱ्या सलवारीतून लाल पाणी निघालं. बदामीचा दगड. दोन पाणी काढली तरी लाली जाईना, तिसऱ्या पाण्याला गेली. एरवी मी असल्या डागावर वैतागते, त्या दिवशी मी ते लाल पाणी मोरीच्या तोंडाशी जाईपर्यंत बघत बसले, आणि दुसरी बादली जरा हळूच ओतली.

साडेसातला हे डबा घेऊन कारखान्यात गेले. आठच्या सुमारास गल्लीतले माग सुरू झाले, आधी कोपऱ्यावरचे, मग आमच्या मागचे, आणि मग तो आवाज सगळीकडं एकच झाला. चार दिवस नव्हता तर आता ऐकू आला, नाहीतर एरवी आम्हाला तो ऐकूच येत नाही. लेक क्लासला निघताना थांबली आणि म्हणाली आज किल्ल्यावरून जाताना थांबून बघणारेय. मी म्हटलं संध्याकाळी बोलू आपण, पुण्याचं. ती हो म्हणाली आणि पटकन गेली.

अव्वा दुपारी झोपून उठल्या, खण घेऊन माझ्या मशीनपाशी आल्या. मला वाटलं चोळी शिवून मागतील. म्हणाल्या, "हिच्यासाठी कायतरी शिव. पुण्याला न्यायला चालंल असं."

मी मशीनवरून वर बघितलं. त्यांना कुणी सांगितलं मला माहीत नाही.

खण अरुंद असतो, ब्लाऊजला पुरतो, कुर्त्याला पुरत नाही. मी टेपनं मोजला, मग लेकीचा एक जुना पांढरा कुर्ता काढला आणि बाह्या आणि गळ्याला तो लावायचा म्हणून खडूनं खुणा केल्या. कापायच्या आधी अव्वा म्हणाल्या, थांब, आणि कडेचा एक बोटभर तुकडा माझ्याकडून कापून घेतला, घडी करून बटव्यात ठेवला. पुढचं पाणी शनिवारी आहे.